दोन कागदांचा अंधार

माझे बाबा लाइटवाले. म्हणजे पावसाळ्यात बांधीत चिखल तुडवत धान रोवणारे, आणि दिवाळी झाली की वडसाच्या एका नाटक कंपनीत लाइट सांभाळणारे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. बैलांचा शंकरपट असला की नाटक, मंडईची जत्रा असली की नाटक. त्या महिन्यांत बाबा घरी फक्त आंघोळीला आणि जेवायला येत. मी त्यांची थोरली, चंद्रपूरच्या एका कॉलेजात फिजिक्समध्ये पीएचडी करणारी. विषय असा की, प्रकाश देणाऱ्या पॉलिमरवर उजेड पडला की त्याचं चुंबकाशी वागणं कसं बदलतं. बाबांनी हे एकदा नीट ऐकून घेतलं, त्यातला उजेड तेवढा उचलला आणि अख्ख्या कंपनीत सांगून टाकलं की पोरगी आपल्याच लाइनीत आहे. गावात कोणी भेटलं की विचारायचं, का वो, तूपण लाइट मारते का? माझं डोकं सणकायचं. मी तोंडावर काही बोलत नसे, पण घरी येऊन बाबांना ऐकवायची, आणि ते मिशीत हसत बसायचे.

आता हे पॉलिमर काय आहे ते सांगून टाकते, कारण त्याच्यापायी मी काय काय सोसलं ते त्याशिवाय कळायचं नाही. हे एक प्लास्टिकच, पण त्यातून वीज सोडली की ते स्वतः उजळतं. भारीतल्या मोबाइलच्या स्क्रीनमध्ये याची चुलत भावंडं असतात. त्याच्या द्रावणाचे दोन थेंब काचपट्टीवर टाकायचे, पट्टी गरगर फिरवायची, की पळसाच्या फुलाच्या रंगाचा एक पापुद्रा तयार होतो. इतका पातळ की नख लागलं तरी गेला. अंधारात हा पापुद्रा चुंबकाला विचारतही नाही. पण त्यावर उजेड टाकला की आत विजेच्या जोड्या तयार होतात, एक ऋण आणि एक धन, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या अंगात एक इवलासा चुंबक असतो. दोघांचे चुंबक एकाच बाजूला तोंड करून आहेत की उलट, यावर त्या जोडीचं पुढे काय होणार ते ठरतं. अशा वेळी बाहेरून मोठा चुंबक जवळ आला की जोड्यांची सगळी घडी विस्कटते आणि पापुद्र्यातून वाहणारा करंट बदलतो. फार नाही, शंभरात एखाददुसऱ्याचा फरक. पण तो बदलतो. साधं प्लास्टिक, साधा दिवा, आपल्या नेहमीच्या खोलीतली हवा, आणि आत ही गंमत चाललेली. मला तो आकडा हलताना पाहिला की अंगावर काटा यायचा, अजूनही येतो.

पण पहिल्याच वर्षी मी तोंडावर आपटले होते. चंद्रपुरात राहणाऱ्याला सवय असते, वाळत घातलेले कपडे झटकूनच घडी करायचे, खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं तर काळं. कोळशाची धूळ, राख, ट्रकांनी उडवलेली माती, सगळं घरात येतंच. आणि उन्हाळा आमच्याकडचा कसा असतो ते काय सांगू. मी बेअक्कल, लॅबची खिडकी सताड उघडी ठेवून पापुद्रे बनवत बसले. चुंबकाला त्या पापुद्र्यांनी असा दणदणीत प्रतिसाद दिला की मी हुरळून गेले आणि डिपार्टमेंटभर पेढे वाटले. माझ्या गाईड मॅडमनी पेढा खाल्ला, आणि मग कागदात गुंडाळलेला एक चुंबक खिडकीच्या कट्ट्यावरून फिरवला. कागदाला काळी लव चिकटून आली. कोळशाच्या राखेत लोखंडाचे बारीक कण असतात, तेच माझ्या पट्ट्यांवर बसलेले. "पॉलिमर नाही," मॅडम म्हणाल्या, "तू चंद्रपूर मोजलंस." त्या दिवसापासून कॉलेजात मी पेढेवाली.

नंतर मी खिडक्यांना टेप मारला, पट्ट्या झाकणाखाली बनवल्या, चुंबकाची तोंडं रोज पुसली. मोठा सिग्नल गेला. त्याच्या जागी हा खरा, बारीकसा फरक आला, आणि तो उजेडाबरोबर येत होता, उजेड घालवला की जात होता. राख काही दिवा पाहून वागणूक बदलत नाही. मला वाटलं, आता तरी झालं.

कुठलं काय. मॅडम म्हणाल्या, "तुझा दिवा हॅलोजनचा आहे. उजेडाबरोबर गरमी येते. पापुद्रा तापला की करंट सरकतो आणि तुला वाटतं चुंबकानं सरकवला."

मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. शिस्तीच्या होत्या, आणि माझ्या बाबतीत एकदा हात पोळलेल्या. मी पंखा लावून दाखवला, मध्ये पाण्याचं भांडं ठेवून दाखवलं. त्या म्हणायच्या, गरमी कमी झाली, गेली नाही. एलईडी लावून पाहिला तर आमच्याकडचा इतका मंद की आकडा कुठे बुडाला ते कळेना. उजेड हवा तर गरमी येते, गरमी घालवावी तर उजेडही मरतो. वर्षभर आमचं हेच चाललं होतं. शेवटी त्यांनी विषय बदलण्याचा अर्ज टाइप करून माझ्या टेबलावर ठेवला. सोमवारी समितीची बैठक होती. मी सही केली की चार वर्षं पाण्यात आणि पुन्हा श्रीगणेशा. ते एक वेळ मी सोसलं असतं. पण फरक खरा आहे हे मला आतून माहीत होतं, आणि तो खोटा म्हणून मला माझ्याच हातानं लिहून द्यायचं होतं. ते मला जमत नव्हतं, झोंबत होतं.

त्याच्या आदल्या रविवारी बाबा चंद्रपूरला आले. सीझन तोंडावर आलेला. कंपनीचा एक डिमर, म्हणजे लाइट कमी-जास्त करायचं यंत्र, दुरुस्तीला टाकायचा होता आणि जिलेटिनचे नवे कागद घ्यायचे होते. जिलेटिनचे कागद म्हणजे लाइटच्या तोंडावर लावायचे रंगीत पारदर्शक कागद. राजा आला की लाल, रात्र झाली की निळा. कागद तेवढे घेऊन सकाळी माझ्या खोलीवर आले तर मी चहासुद्धा मांडला नव्हता.

"का झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाई. लॅबमधला पसारा आवरायचा हाय. चला संगं, मंग तिकडूनच जेवायले जाऊ."

कागदांची सुरळी काखेत मारून ते माझ्या मागे आले. चौकीदारभाऊंनी लॅब उघडून दिली. बाबा माझ्या लाइनीतली ती जागा पहिल्यांदाच पाहत होते. आतून काळा रंग दिलेली लाकडी पेटी, मध्ये काचपट्टी, दोन्ही बाजूंना चुंबकाची वेटोळी, वर एक हॅलोजन, शेजारी आकडा दाखवणारं मीटर. त्यांनी सगळ्यात आधी हॅलोजनकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढुसाच?"

मी प्लग काढायला वाकले, आणि वाकल्या वाकल्या रडू फुटलं. बापासमोर रडायचं माझं वय नव्हतं, पण फुटलं. मग सगळं सांगितलं, नाक ओढत, आमच्या बोलीत. की बाबा, उजेड पडला की हा पापुद्रा चुंबकाचं ऐकते, मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं, आणि मॅडम म्हणतात हे उजेडानं नाई, गरमीनं होऊन राह्यलं. आता उद्या लिहून द्याचं हाय की मायंच चुकलं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग अगदी साधेपणानं म्हणाले, "मंग उजेड काढून घे ना. गरमी ठेव."

"असं कसं जमन?"

"कसं म्हणजे? आमी तं रोजच करतो."

बोलता बोलता ते सुरळी सोडवत होते.

"पाह्य, लाल कागद लावला का निळा, नाचणाऱ्या बाईले गरम तेवढंच होते. ते म्हणते, भाऊ, रात्रीचा सीन हाय न मी घामानं भिजली. म्या म्हणतो, बाई, कागद रंग खाते, गरमी थोडी खाते? न मंग एकाएकी काळोख पायजे असला, तं डिमर काई लवकर उतरत नाई. मंग लाल न निळा एकावर एक लावाचे. लाल जाऊ देते ते निळा अडवते, निळा जाऊ देते ते लाल अडवते. ठार अंधार. लाइट आतून चालूच रायते. हात लावून पाह्य, बोट भाजते."

हे मी अकरावीपासून पुस्तकात वाचत आले होते. कोणता रंग काय शोषतो, न दिसणारी उष्णता कशातून पार जाते, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि चार वर्षं त्या पेटीसमोर बसून मला सुचलं नव्हतं. राग आला, हसूही आलं. मी नाक पुसलं आणि प्लग परत खोचला.

बाबांनी लाल आणि निळा कागद एकावर एक धरून हॅलोजनच्या तोंडाला लावले. पेटीत काळोख झाला. मी तळवा आत धरला. ऊब येत होती, चांगली चुलीजवळ बसल्यासारखी. पापुद्रा तापू दिला, थांबले, आणि चुंबक सुरू केला. आकडा जागचा हलला नाही. चुंबक बंद, चुंबक चालू. ढिम्म. गरमी पूर्ण होती आणि फरक नव्हता.

"आता निळा एकटा," मी म्हणाले. आमचा पापुद्रा निळा उजेड खातो, लाल सोडून देतो, तो पळसाच्या रंगाचा दिसतो तो त्यामुळेच. बाबांनी लाल काढून घेतला. मी चुंबक सुरू केला आणि आकडा सरकला. बंद केला, परत आला. मग लाल एकटा लावला. डोळ्यांना पेटी लखलखीत दिसत होती, पण पापुद्र्याला त्या उजेडाचं काहीच नव्हतं, आणि आकडाही गप्प. मी खुर्चीत बसले, परत उठले, परत बसले. बाबा म्हणाले, "पडशील, नीट बस."

पण मी पेढेवाली होते ना. स्वतःच्या डोळ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता. हवं ते दिसतं माणसाला. म्हणून मी पेटीकडे पाठ केली, फक्त मीटर समोर ठेवलं आणि बाबांना सांगितलं, तुमच्या मनानं कोणताही कागद लावा, मले सांगू नका. मी नुसता आकडा पाहून सांगन.

पहिला. "निळा." "बरोबर." दुसरा. "लाल, नाहीतर दोन्ही." लाल होता. तिसऱ्याला आणि चौथ्याला निळाच, दोन्ही बरोबर. माझ्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. पाचव्याला आकडा सरकला, आधीच्यापेक्षा कमी, पण सरकला. "निळा," मी म्हणाले.

"नाई," बाबा म्हणाले. "लाल."

लाल असताना आकडा हलायलाच नको होता. म्हणजे मॅडमचंच खरं, गरमीच, आणि आधीचे चार नशिबानं आले. मी वळले. बाबा कागद हातात घेऊन त्याच्याकडे रोखून पाहत होते. मग ते खिडकीपाशी गेले आणि कागद उन्हात धरला. कडेनं तो गच्च लाल होता आणि मधोमध तळहाताएवढा फिक्कट डाग, त्यातून पलीकडचं कडुनिंबाचं झाड जवळजवळ हिरवंच दिसत होतं.

"अरे, हा मागच्या सीझनचा हाय," ते म्हणाले. "दुकानात रंग जुळवाले आणला होता. या वक्ती नव्याच्या जागी सुरळीतून हाच निघाला." त्यांनी खालमानेनं सुरळी चाळून कोरा लाल काढला. लाइटवाल्यांची ही नेहमीची खोड, रंग उडालेला कागद टाकायचा म्हणून कोणी टाकत नाही, कधीतरी कामाला येईल म्हणून गुंडाळून ठेवतात, आणि भर प्रयोगात तोच हाताला लागतो. कोरा लाल लावला आणि आकडा गप्प बसला. डाग पडलेला लावला, थोडा सरकला. त्या डागातून जेवढा हिरवा-निळा उजेड निसटत होता, तेवढाच पापुद्र्यानं टिपला होता. बाबांना तीस वर्षं कागद हाताळून जे दिसलं नाही ते त्याला कळलं होतं.

"चांगलाच चाबरा हाय बाप्पा तुहा पापुद्रा," बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी हॅलोजन सोडून खालच्या काचपट्टीकडे नीट वाकून पाहिलं.

मी नाचायचीच बाकी होते. बाबा, हे खरं हाय, गरमीचा काई संबंध नाई, उजेडच हाय, मी म्हटलं होतं ना, असं मी किती वेळा बोलले कुणास ठाऊक. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मंग मॅडमले सांग ना. मले काऊन सांगून राह्यली?"

रविवारी दुपारी गाईडला फोन करणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात. तरी केला. मी म्हणाले, मॅडम, उजेड काढून घेतला आणि गरमी ठेवली. मग त्या म्हणाल्या, "कशाला हात लावू नकोस. येते."

त्या स्कूटीवरून आल्या, घरच्या साडीत, केसांना तेल लावलेलं. बाबांना नमस्कार केला. बाबांनी कागद त्यांच्या हातात दिले आणि बाजूला झाले. मॅडमना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी कागद उन्हात धरून पाहिले, दोन एकावर एक ठेवले, आणि त्यांचा चेहरा बदलला. मग मला म्हणाल्या, "तिकडे तोंड कर."

मी मीटरकडे तोंड करून बसले. मागे कागदांची सळसळ तेवढी ऐकू यायची. लाल, निळा, निळा, दोन्ही नाहीतर लाल, निळा. मी म्हणत गेले. बाबा आणि मॅडमच्या मागोमाग आत आलेले चौकीदारभाऊ भिंतीशी उभे. मॅडम बरोबर की चूक ते सांगत नव्हत्या, नुसतं वहीत लिहीत होत्या. त्या पेनचा आवाज मी जन्मात विसरायची नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. घामानं माझी ओढणी मानेला चिकटली होती. मध्ये एकदा त्यांनी कागद सगळेच काढून टाकले आणि आकडा इतका सरकला की मी विचारलं, "मॅडम, उघडा दिवा?" मागे पेन तेवढं चाललं.

शेवटी सळसळ थांबली. मी थोडी वाट पाहिली आणि वळले.

मॅडमनी दोन्ही कागद लावलेले होते आणि पेटीच्या अंधारात हात धरून त्या उभ्या होत्या. हात तसाच धरून ठेवला होता, ऊब तळव्याला लागेपर्यंत. वही उघडीच होती. माझ्या प्रत्येक शब्दापुढे त्यांनी लावलेला कागद लिहिलेला होता, आणि माझा एकही शब्द चुकला नव्हता.

"वर्षभरापूर्वी तू हे उजेडानं होतं म्हणालीस," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"आणि मी ऐकलं नाही." त्यांनी हात बाहेर काढला, पदरानं पुसला. "मला तू चुकलेली हवी होतीस. म्हणजे मग मी सावध राहिले ते बरोबर ठरलं असतं. एक वर्ष घेतलं मी तुझं."

माझ्या बापासमोर, चौकीदारभाऊंसमोर, ही बाई माझी माफी मागत होती, आणि मी, जी एरवी एकाला दोन ऐकवते, ती खाली मान घालून टेबलावरची धूळ पुसत होते, जी तिथे नव्हतीच. बाबांनी खुर्ची ओढली आणि मॅडमच्या मागे ठेवली. "बसा, बाई," ते म्हणाले. "सकाळपासून ते रडली, आता तुमी नका रडू."

मॅडम बसल्या. मग त्यांनी मला उद्याच्या बैठकीसाठी काय काय आणायचं ते सांगायला सुरुवात केली, आणि मी लिहून घ्यायला लागले. अक्षर वेडंवाकडं येत होतं.